जेमतेम पास

"हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाची छाती किती वेळा दाबून दोन श्वास द्यायचे?" सतरावा प्रश्न वाचून नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या पद्मिनीबाईंनी ताबडतोब 'पंधरा'वर खूण केली. हा कागद ज्याचा त्याच्याकडेच राहणार होता. दुसऱ्या कागदावर आकडा लिहायचा होता: जेमतेम पास होण्याच्या लायकीच्या शंभर नर्सेसपैकी किती जणींना हे येईल? पॅनेलवरच्या सगळ्यांच्या आकड्यांवरून लायसन्सच्या परीक्षेत पास व्हायला किती मार्क लागतील ते ठरणार होतं. बाईंनी नव्वद लिहिलं.

"इतकं बी येत नसन तं तिनं घरीच बसावं," त्या शेजारच्या रूपालीला म्हणाल्या. रूपाली त्यांची पाच वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आता शंकर नगरच्या एका दवाखान्यात सिस्टर इन्चार्ज.

मग पॅनेल चालवणाऱ्या धर्मपाल साहेबांनी उत्तरं वाचून दाखवली. "सत्रह नंबर, तीस."

बाईंना वाटलं, साहेब चुकून बोलले. पण कुणीच हरकत घेतली नाही. नियम बदलून सहा वर्षं झाली होती, आणि बाई कॉलेजात अजून पंधराच घोकून घेत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या महिन्यात त्यांच्या साठ मुली याच परीक्षेला बसणार होत्या.

"अब चाहें तो अपना नंबर बदल लीजिए," साहेब म्हणाले.

आकडा कमी केला तर पास होणं थोडं सोपं होणार, काठावरच्या मुली तरणार. बाईंनी हाताच्या आडोशाने नव्वद खोडलं आणि चाळीस लिहिलं. हात काढला तेव्हा रूपाली बघत होती.

"आमच्या बॅचले बी पंधराच शिकवलं होतं तुम्ही, मॅडम," ती हळूच म्हणाली.

"मंग तुले तीस कुठून माहीत?"

"वॉर्डात. मी पंधरावर थांबली, तं डॉक्टर ओरडले, काहून थांबली म्हणून."

"अन् पेशंट?"

रूपालीने मान खाली घातली आणि आपला आकड्यांचा कागद साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी सगळे कागद गोळा केले. बाईंचा बघून त्यांना हसू आलं. "नब्बे से सीधे चालीस. बच्चियों के लिए दिल पिघल गया, मैडम?"

सगळे हसले. रूपाली तेवढी हसली नाही. बाई हसल्या.