पहिला चीक

रुपालीच्या छातीतून पिवळा, घट्ट चीक आला तशी तिच्या मायनं, सोजराबाईनं, नाक मुरडलं आणि पू पुसावा तसा तो फडक्यानं पुसून टाकला. "नासकं असते ते. पाजू नको पोरीले." कालच जन्मलेली पोर मधाचं बोट चोखून किरकिरत होती. रुपालीनं मायला चोरून तिला छातीशी धरलं, तर ती नुसतं टोक तोंडात घ्यायची आणि लगेच सुटायची. पातळावर पिवळे डाग पडले. रुपालीला स्वतःच्याच अंगाची किळस येऊ लागली.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस व्याली. वगार धडपडत उभी राहिली, पण सड काही तिच्या तोंडात ठरेना. सोजराबाई वगारीपाशी शेणामुतातच फतकल मारून बसली. "घाई नको करू व बाई. पह्यले ओठाले थेंब लागू दे. तोंड मोठं उघड, मंग घे." चिकानं तिचे हात कोपरापर्यंत माखले, ते तिनं पुसलेही नाहीत.

खिडकीतून रुपाली पाहत होती. तिनं लेकीच्या ओठाला थेंब लावला, तोंड मोठं उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग तिला जवळ ओढलं. पोर चोखू लागली. या वेळी सुटली नाही.

संध्याकाळी वाटीतला खरवस खात खात आत आलेली सोजराबाई दारातच थबकली.

"काय घाण पाजून राह्यली व तिले?"

रुपालीनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"तुह्या वाटीत हाय तेच."