वीसपैकी दोन

म्हाताऱ्या मेंढपाळ कारभारींच्या स्मरणशक्तीच्या आणि बुद्धीच्या वीस चाचण्या तोंडी झाल्या. अठरा ठीक होत्या, दोनमध्ये गुण फारच कमी आले.

"मंग आता मेंढरांमागं जाणं बंद, अप्पा," मुलगा रामेश्वर म्हणाला. "बिडकीनचा व्यापारी उद्या कळप बघायला येतोय."

"वीस चाचण्या घेतल्या, की धडधाकट माणसाच्याही दोन-तीन खाली येतातच," मानसतज्ज्ञ सुरेखाताई म्हणाल्या.

रामेश्वर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. "मॅडम, आमच्याकडं वीसमधला एक पीस जरी फेल गेला, तरी आख्खा लॉट परत जातो."

सुरेखाताईंनी कपाटातून वीस चाचण्यांच्या गुणांचा तसाच दुसरा कागद काढला, वरचं नाव हातानं झाकलं आणि त्याच्यापुढं धरला. "हा माणूस कसा वाटतो?"

रामेश्वरनं सवयीनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "तीन कमी. ह्यो तर अप्पांपेक्षा गेलेला हाय. रिजेक्ट!"

सुरेखाताईंनी हात उचलला. मागच्या महिन्यात त्याच कारखान्यातल्या निरोगी कामगारांच्या त्यांनी ह्याच चाचण्या घेतल्या होत्या. स्वतःचं नाव वाचून रामेश्वरनं कागदावरचं बोट मागं घेतलं.

कारभारींना वाचता येत नव्हतं. ते कागदावर वाकले.

"कोण हाय रं बिचारा? त्याला तरी कामावर ठेवलंय ना?"