सोबत्याचे गुण
“स्वतःबद्दल विचारलं की सगळे पाचपैकी पाचच लिहितात,” कचेरीतून आलेले साहेब, पाक सुहार्दी, कागद वाटत म्हणाले. “म्हणून या वेळी सोबत्याबद्दल लिहायचं. ईबू हर्मिना, तुम्ही क्लेमेन्सबद्दल. क्लेमेन्स, तू ईबूंबद्दल.”

कागद दोनच होते, कारण बेटावरच्या उपकेंद्रात माणसंही दोनच. हर्मिना बाळंतपणं करायची; सगळे तिला आदराने ‘ईबू’, म्हणजे बाई, म्हणत. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान क्लेमेन्स बाकीचे रुग्ण पाहायचा.

नवी ऑनलाइन नोंदवही वापरायला कोण किती राजी आहे, हे जिल्ह्याच्या कचेरीला मोजायचं होतं. या नोंदवहीत इथे रुग्णाची माहिती भरली की समुद्रापलीकडे शहरातले डॉक्टर ती लगेच पाहत आणि उपाय लिहून कळवत. वीस प्रश्न होते आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण.

“आधी जेवण,” क्लेमेन्स म्हणाला. “पाहुण्यासाठी कोंबडा धरलाय. शेवटचाच. आता कोण पाळत बसणार!”

तो हसत मागच्या अंगणात गेला. हर्मिनाला हसू आलं नाही.

तीन दिवसांपूर्वी याच क्लेमेन्सने तिला धक्क्यावर बाजूला घेतलं होतं. त्याचा मेव्हणा फिदेलिस कचेरीची गाडी चालवायचा, त्यामुळे आतल्या बातम्या त्याच्याकडे आधी पोचायच्या.

“ईबू, कुणाला बोलू नका. आपल्यातल्या एकालाच शहरात नेणार आहेत. ज्याला जास्त गुण, तो तिकडे इतरांना शिकवायला. दुसऱ्याने इथंच राहायचं.”

“मग मला कशाला सांगतोस? गप्प बसला असतास तर तुझाच फायदा होता.”

“न सांगून कसं चालेल? मोठ्या बहिणीसारख्या तुम्ही.”

एकोणीस वर्षं हर्मिना या बेटावर होती. बदलीचे अर्ज करून तिचा हात दुखला होता. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याचं, अम्ब्रोसचं, डावं अंग गेलं. तो शहरात लेकीकडे पडून होता. बोट आठवड्यातून दोनदाच यायची आणि पश्चिमेचा वारा सुटला की पंधरा पंधरा दिवस यायचीच नाही. फोनला रेंज फक्त फणसाखाली. तिथे उभं राहून ती त्याचा चेहरा पाहायची. तो वाकड्या तोंडाने एकच विचारायचा, “कधी येतेस?” उत्तर द्यायच्या आत चित्र गोठायचं. समोरचं निळं पाणी तिला डोळ्यांसमोर नकोसं झालं होतं.

कागद घेऊन ती बाळंतपणाच्या खोलीत बसली आणि तिने कडी लावली.

पहिला प्रश्न होता, तुमचा सोबती ही नोंदवही सहज वापरतो का?

वापरतो का! नोंदवहीतलं प्रत्येक बटण त्यानेच तिला शिकवलं होतं. फणसाखाली उन्हात उभं राहून, एकदाही न चिडता. खिडकीतून तो दिसत होता. गुणगुणत कोंबडा सोलत होता.

तिने ‘एक’ लिहिलं.

दुसरा ‘एक’ तिने पटकन लिहिला. मधेच मन खाऊ लागलं म्हणून दोन ठिकाणी तिने ‘दोन’ लिहिलं. जेवताना ती रस्सा नुसता ढवळत राहिली. क्लेमेन्सने मात्र तिच्या पानात आग्रहाने तंगडी वाढली.

पुढच्या दोन रविवारी चर्चमध्ये प्रसादाच्या रांगेत सगळे उठले, पाप मनात ठेवून प्रसाद कसा घ्यायचा, म्हणून ती बाकावरच बसून राहिली.

महिन्याने निकाल आला, तोही त्याच नोंदवहीच्या सूचनाफलकावर. हर्मिना फणसाखाली धावली. ‘हर्मिना: शंभरपैकी शंभर. क्लेमेन्स: शंभरपैकी बावीस.’

त्याने एकही गुण कापला नव्हता. हर्मिनाला रडू कोसळलं. मग तिने डोळे पुसून खालचा हुकूम वाचला.

डॉक्टर जवळ नसताना केवळ ऑनलाइन सल्ल्यावर काम निभावायला ईबू हर्मिना पूर्ण राजी असल्याने बेटाचं उपकेंद्र निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे राहील. दुसऱ्या माणसाची तिथे गरज उरलेली नाही. नव्या पद्धतीला नाखूश असलेल्या क्लेमेन्स यांना डॉक्टरांच्या नजरेखाली शहरातल्या केंद्रात ठेवावं.

निवृत्तीला नऊ वर्षं होती. हुकमाखाली बारीक अक्षरांत आपोआप उमटलं होतं, ‘हर्मिना यांनी वाचले.’

“कचेरीचं डोकं फिरलंय!” हुकूम वाचून क्लेमेन्स म्हणाला. “फिदेलिसने काहीतरी उलटंच ऐकलं असणार. मी तर तुमचं चांगलंच लिहिलं होतं, ईबू.”

बावीस गुणांबद्दल त्याने एका शब्दाने विचारलं नाही. त्याच्या या चांगुलपणाने ती शरमेने जास्तच मेली. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? स्वतःच्या हातानेच तर लिहिलं होतं. त्या दिवशी तिने अम्ब्रोसला फोन केला नाही.

क्लेमेन्स निघाला त्या सकाळी ती धक्क्यावर गेली. प्रायश्चित्त म्हणून रात्री जागून विणलेला शेला तिने त्याच्या बायकोच्या खांद्यावर घातला. क्लेमेन्स घाईघाईने बोटीत चढला आणि पाठ करून सामान लावत बसला.

मदतीला आलेला फिदेलिस मात्र तिच्यापाशी थांबला. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

“ईबू, तुमच्याएवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी पाहिलं नाही. ज्याला जास्त गुण तो बेटावर अडकणार, हे मी क्लेमेन्सला सर्वेक्षणाच्या आधीच सांगितलं होतं. म्हटलं, ईबूंनाही सांग. आणि ते ठाऊक असूनसुद्धा तुम्ही त्याला बावीसच दिलेत!”