ड्रॅगन, शिंपी आणि पहिला नंबर

"पेन्सिलीनं भरजा, मॅडम," असं म्हणत किसनरावांनी गुणपत्रक परीक्षक म्हणून बसलेल्या अदीबासमोर सरकवलं आणि शेजारी एक कोरं करकरीत खोडरबर ठेवलं. किसनराव कॉलेजचे हेडक्लार्क. इथं तीस वर्षं स्पर्धा होत आल्या आणि तीस वर्षं परीक्षक पेन्सिलीनंच गुण भरत आले. शेवटी अध्यक्षांना एकदा नजर टाकायची असते, आणि शाईवर नजर टाकून काही उपयोग होत नाही.

स्पर्धा वादविवादाची, जिल्हास्तरीय. विषय असा की परदेशातल्या त्या मोठ्या पुरस्कारावर खरा हक्क कोणत्या अ‍ॅनिमेशनपटाचा होता? पुरस्कार पटकावलेल्या गाणाऱ्या ड्रॅगनचा, की हात हलवत परतलेल्या म्हाताऱ्या शिंप्याचा? जिल्ह्यात पाण्यापासून एसटीपर्यंत बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव यांच्या नातवाचं, शिवमचं, शिंप्यावरचं भाषण आधीच पाठ झालेलं होतं. त्यामुळे विषय निवडायला समितीला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, तर शिवमला नेमका शिंपीच निघाला. चिठ्ठ्याही समजूतदार असतात. यजमान कॉलेजच्या स्पर्धकानं बक्षीस घ्यायचं नाही, असा रिवाज आहे. तो मोडू नये म्हणून शिवमचं नाव संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजकडून घातलं होतं. रिवाजाच्या बाबतीत पंजाबराव फार काटेकोर.

शिवम बोलला झकास. अकरा माणसांनी सात वर्षं खपून हातानं चित्रं काढली आणि पैसेवाल्यांच्या ड्रॅगननं त्यांच्या तोंडचा घास पळवला, असं तो म्हणाला. लायक माणसाला डावलणं म्हणजे खून, असंही म्हणाला. त्या पुरस्काराचे काही परीक्षक चित्रपट न पाहताच मत देतात, हे त्यानं सांगितलं तेव्हा पंजाबरावांनी रुमाल काढून डोळे टिपले. दोन्ही चित्रपट त्यांनी पाहिले नव्हते. अदीबाच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या दोन परीक्षकांनीही पाहिले नव्हते, पण त्यांनाही फार वाईट वाटलं.

अदीबानं मात्र दोन्ही पाहिले होते. शिंप्यासाठी ती रडली होती आणि ड्रॅगन तिला मुळीच आवडला नव्हता. मग जळगाव जामोदहून दोन एसट्या बदलून आलेली धम्मशीला उठली. हातात कागद नव्हता. तिच्या वाट्याला ड्रॅगन आला होता. ती म्हणाली की म्हाताऱ्याचं दुःख पाहून कुणीही रडतं, त्यात चित्रपटाचं निम्मं काम आपणच करतो. पण हा ड्रॅगन सबंध चित्रपटात एकदाही सुरात गात नाही, आणि शेवटपर्यंत त्याला कोणी सुधारत नाही. बेसूर माणसालाही गाऊ द्यावं, एवढं सांगायला ज्यांनी पैसा ओतला, त्यांनी पुरस्कार चोरला असं कसं म्हणायचं? सभागृहात टाळ्या पडल्या त्या थोड्याच, कारण शिवमसाठी वाजवून पोरांचे हात दुखत होते. अदीबाचं मत मात्र पाच मिनिटांत उलटं झालं होतं. असं तिच्या बाबतीत सहसा होत नसे.

तिनं पर्समधून निळं पेन काढलं. धम्मशीलाला सत्त्याऐंशी. शिवमला एकसष्ट. खाली ठसठशीत सही.

सभागृहात पंजाबरावांचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं होतं. किसनरावांनी कागद उचलला, शाई पाहिली आणि अदीबाला ऑफिसात बोलावून घेतलं. दार लोटून त्यांनी समजावलं की अशानं काही बदलणार नाही, बाकीचे दोन कागद पेन्सिलीचेच आहेत, बेरीज बरोबर होऊन जाईल. फक्त जून जवळ आलाय. अदीबाची नोकरी तासिका तत्त्वावरची, दरवर्षी जूनमध्ये पंजाबरावांच्या सहीनं नवी होणारी. कोरा कागद आहे, पुन्हा भरा, कोणाला कळणार नाही.

अदीबाचे कान तापले. भीती वाटत होती आणि भीतीचा रागही येत होता. जून तिला दिसत होता. पण या कॉलेजात ती मुलाखतीत पहिली येऊन लागली होती, कोणाची ओळख न लावता. ही गोष्ट ती वर्षातून चारदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायची, आणि आज तर ऐकवायलाच हवी होती.

"किसनराव, मी इथं गुणांवर आले," ती म्हणाली. "कोणाच्या मेहरबानीवर नाही. त्या पोरीचे गुण मी खोडणार नाही."

किसनरावांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा ओशाळा झाला. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं.

"मॅडम, तुमच्या मुलाखतीच्या वक्तीही बेरीज म्याच केली होती," ते हळूच म्हणाले. "आदल्या दिवशी हबीबभाई साहेबांले भेटून गेले. तुम्हाले सांगू नका म्हणे. तुम्ही दुसऱ्या आल्या होत्या."

हबीबभाई म्हणजे तिचे अब्बा. तिच्या नेमणुकीच्या दिवशी सगळ्या गल्लीत पेढे वाटत फिरलेले.

अदीबा खुर्चीवर बसली. बाहेर माइकवरून पंजाबराव सात समुद्रांपलीकडच्या अन्यायाचा निषेध करत होते. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "पहिली कोण आली होती?"

"नाव कोण ध्यानात ठेवते, मॅडम," किसनराव म्हणाले. "लय चांगली बोलली होती, एवढंच आठवते."