हिरवी शाई

गावाने नव्या तळ्याच्या बाजूने कौल दिला. खालच्या वाडीतली सात घरं आता पाण्याखाली जाणार होती. त्यातलं एक तानूबाईचं.

संध्याकाळी वरच्या आळीतली चंद्राक्का आली. चाळीस वर्षांची मैत्रीण. उंबऱ्यात बसून रडायलाच लागली.

"तानू, मला काय कळलंच न्हाई गं. तळं व्हणार म्हनले, मी हो दाबलं."

मागे रस्त्याच्या मतदानात असंच झालं होतं. तेव्हा कागदावरची सरकारी भाषा कुणाच्या बापाला कळली नव्हती. तानूबाईची विहीर रस्त्याखाली गेली, तरी तिने कुणाला बोल लावला नाही. यंदा मात्र केंद्रावरचं यंत्र प्रत्येकाला त्याच्या बोलीत, सातही घरांची नावं घेऊन समजावत होतं. डाव्या हाताच्या बोटाला लावलेली निळी शाई माणसाला सगळं उमगलं की मगच हिरवी व्हायची. त्याशिवाय बटण दाबलंच जात नसे.

तानूबाईने पाणी दिलं. चंद्राक्काने उजव्या हाताने तांब्या घेतला. डावा हात तिने आल्यापासून पदराखाली घट्ट धरला होता.

तानूबाईने तिकडे पाहिलं नाही.

"नसंल कळलं," ती म्हणाली, आणि पुन्हा भांडी पोत्यात भरू लागली.