बॉस काही करत नाही

बॉस आज मोकळा होता. धाकटीने अंगणाचं दार जेमतेम ढकललं होतं, तेवढ्यात तिला तो दिसला आणि तिची पावलं जागच्या जागी थांबली. थोरल्या दिरांचा हा कुत्रा म्हणजे वासराएवढं धूड. घर वर आणि खाली त्यांचा फर्निचरचा कारखाना, त्यामुळे रस्त्यावर जायचं तर कारखान्याच्या अंगणाशिवाय दुसरी वाट नाही. तिच्या हातातल्या पट्ट्याला बंड्या होता. तिचा कुत्रा, वय झालेला, ऐकू कमी येणारा. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जाऊन यायचं, एवढीच काय ती बिचाऱ्याची चैन.

बॉसला बांधा, हे भाऊजींना सांगायचं कोणी? नवरा त्यांच्याच कारखान्यात पॉलिशचं काम करतो. योग्य वेळ बघून बोलतो, असं तो कधीचा म्हणत होता आणि ती योग्य वेळ काही उगवत नव्हती. शेवटी तिनेच विषय काढला, तर भाऊजी हसले. तो काही करत नाही, तुम्ही बायका उगाच घाबरता, म्हणाले. मग तिने आपल्यापुरतं शिकून घेतलं. पळायचं नाही. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. पट्टा आखूड धरायचा, पण मनगटाला गुंडाळायचा नाही. बंड्या भिंतीकडून, आपण मधे, आणि हातात बाजाराची जाड पिशवी.

आजही ती तशीच निघाली. फळ्यांच्या थप्पीपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे भुशात नाक घातल्यामुळे बंड्याला नेमकी शिंक आली, आणि बॉस उठला. गुरगुरला नाही, भुंकला नाही, सरळ अंगावर आला. तिने पिशवी पुढे केली. ती त्याने हिसकली, भिरकावली, आणि खालून शिरून बंड्याचा कान धरला. बंड्या केकाटला. तिने पट्टा सोडला आणि हाताला लागली ती फळी उचलून दोघांच्या मधे रेटायला लागली. तेवढ्यात भाऊजी धावत आले. येताना रागावत होते ते तिलाच, बॉसला नव्हे. वाकून त्यांनी बॉसच्या गळपट्ट्याकडे हात नेला.

"भाऊजी, मधे हात घालू नका," ती ओरडली.

धाकट्या सुनेचं ऐकायची त्या घरात रीत नव्हती. भाऊजींनी हात घातला. बॉसने नुसती मान फिरवली आणि त्यांचा पंजा त्याच्या जबड्यात गेला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने तो आपणहून सोडला आणि लाकडांआड जाऊन बसला.

थोड्या वेळाने सगळे वरच्या खोलीत जमले. जाऊबाई भाऊजींचा हात नळाखाली धरून धूत होत्या. तळव्यात आणि वरच्या बाजूला खोल भोकं पडली होती. भाऊजींचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण आवाज नेहमीचाच, हुकमी. ते बोलले तेही तिच्याशी नाही, धाकट्या भावाशी. म्हातारपणी कुत्री अशीच चळतात, म्हणाले. शहराबाहेर त्यांच्या एका ओळखीच्याचं गोदाम होतं, तिथे बंड्याला आजच्या आज सोडून यायचं.

तिला वाटलं, झटापटीत त्यांना कळलं नसेल. चावला तो बॉस होता, असं तिने हळूच, आवाज न चढवता सांगितलं.

"बॉस? मला?" भाऊजी म्हणाले. "एवढासा होता तेव्हापासून या हाताने भरवलंय त्याला."

त्यांनी हे इतक्या खात्रीने सांगितलं की क्षणभर तिलाच आपले डोळे फसल्यासारखं वाटलं. मग तिने बंड्याला मांडीवर घेतलं. त्याच्या कानातून अजून रक्त ठिबकत होतं. तिने दोन बोटांनी त्याचा ओठ वर केला आणि सगळ्यांना दाखवलं. आत नुसत्या गुलाबी हिरड्या होत्या, औषधाला एक दात नव्हता.

"सांगा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरांनी याचे दात काढले तेव्हा तुम्हीच धरून बसला होतात."

जाऊबाईंनी नळ बंद केला. नवऱ्याने हिरड्यांकडे पाहिलं, भावाच्या हाताकडे पाहिलं आणि मग खाली, स्वतःच्या पॉलिशने काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं.

"दादा खोटं कशाला बोलतील?" तो म्हणाला.

नवऱ्याने पट्टा उचलला. तिने तो घट्ट धरून ठेवला, तर त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कुजबुजला की चार दिवसांत सगळं थंड झालं की परत आणू. कसलं परत आणतोय, हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं. बंड्याला मात्र पुन्हा फिरायला निघाल्यासारखं वाटलं. फाटका कान घेऊन, शेपूट हलवत तो दाराशी आधी जाऊन उभा राहिला.

दोघं जिना उतरू लागले. ती उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. पावलं मधेच थांबली. भाऊजी टॉवेलात हात गुंडाळून बसले होते, जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

मग खालून नवऱ्याचा आवाज आला, अगदी अदबीचा.

"दादा, जरा खाली येता का? बॉसला तेवढं बांधा."