एक दात पुढे

मागच्या बाळंतपणात बायकोला नागपूरच्या दवाखान्यात नेताना कन्हानच्या पुलाच्या चढावर ईश्वरदासची टॅक्सी दमली आणि बाळ पोटातच गेलं. म्हणून यंदा महिनाभर आधीच त्यानं इंजिन उघडलं. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची चेन दातेरी चाकावर एक दात पुढे बसवली, की गाडी चढावर जोर धरेल, असा त्याचा हिशेब. पण चेन हातात असतानाच बायकोला कळा आल्या. वस्तीत दुसरी मोटार नव्हती. त्यानं घाईघाईनं चेन चढवली, तिला मागच्या सीटवर निजवलं आणि हँडल मारलं. घाईत चेन भलत्याच दातावर बसली होती; टायमिंग चुकलं, इंजिन नुसतं ठसकलं. त्यानं पुन्हा पाना उचलला. "राहू द्या, लेकरू येऊन राहिलं," ती कण्हली. शेजारच्या सखूबाईनं धावत येऊन गाडीच्या खिडक्यांना लुगडं बांधलं आणि ती आत शिरली. तो बॉनेटला टेकून उभा राहिला. अखेर रडणं ऐकू आलं. "पोरगी हाय गा, घे!" सखूबाईनं बाळ बाहेर धरलं. त्यानं हात पुढे केले, ऑइलनं काळे दिसले, तसे मागे घेतले.